पेल्यांमधल्या चिंध्या

दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे आदर्कीला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. चहा मी करतो म्हणालो आणि फळीवरचे स्टीलचे पेले काढायला हात वर केला. एकात एक बसवलेले सहा पेले आणि दर दोन पेल्यांच्या मध्ये घडी घातलेली एकेक चिंधी. लहानपणापासून मी त्या बघत आलोय. कापड बदलत गेलं, कधी जुन्या लुगड्याचं, कधी मामांच्या खाकी शर्टाचं, पण घडी तीच. मी पाचही चिंध्या ओढून काढल्या, ओट्यावर टाकल्या आणि बोलून गेलो, "आता कशाला गं ह्या? घाटातली ती डिझेलची इंजिनं गेली की." आत्या काही बोलली नाही. चहा झाला. मागच्या दारी चूळ भरून मी आत आलो, तर पेले धुऊन पुसून फळीवर होते आणि पाचही चिंध्या आपापल्या जागी गेल्या होत्या.

झालं ते एवढंच. ती रागावली नाही, तिचा चेहराही बदलला नाही. जाताना नेहमीसारखं शेंगांचं पोतडं हातात दिलं आणि फाट्यापर्यंत चालत आली. पण साताऱ्याला परत येताना एसटीत मला ते खुपत राहिलं. वाठार गेलं, देऊर गेलं, डावीकडे जरंडेश्वर दिसायला लागला तरी माझ्या डोळ्यांपुढे त्या चिंध्या आणि त्या उचलून परत लावणारा तिचा हात. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं.

आत्याचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुण्याकडून येणारी लाइन लोणंदला नीरेच्या खोऱ्यात असते. सालपे सोडलं की ती डोंगराला भिडते आणि वळणं घेत घेत आदर्कीवरून वाठारला वर येते. वाठारला पोचलेली गाडी कृष्णेच्या खोऱ्यात आलेली असते. मधला हा तुकडा म्हणजे घाट. बोरघाट पाहिलेल्या माणसाला हा घाट वाटणारही नाही. दऱ्या नाहीत, धबधबे नाहीत, बोडके डोंगर आणि घायपाताचे ताटवे. पण भरलेल्या मालगाडीला दरी दिसत नसते, तिला फक्त चढ कळतो. आणि त्या चढाच्या ऐन मध्यावर आत्याचं घर. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथे राहायला जायचो, तेव्हा पहिल्या रात्री कुणालाच झोप यायची नाही. गाडीचा आवाज कानावर यायच्या आधी फळीवरची भांडी बोलायला लागायची. आधी अगदी बारीक, दात वाजावेत तशी. मग ताटं, मग घागरीवरचं झाकण. पेल्यांना चिंध्या होत्या म्हणून ते गप्प, नाहीतर सहा पेल्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. भांडी थरथरत असताना खालून, सालप्याच्या अंगाने तो आवाज वर चढत यायचा.

त्या आवाजाचं वर्णन मी आजवर अनेकदा करून पाहिलंय आणि दर वेळी काहीतरी निसटलंय. नुसत्या उभ्या इंजिनाचा आवाज सोपा असतो. धुग... धुगधुग... धुग, असा थोडा अडखळता, झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखा. चढावर तो श्वास राहत नाही. सगळे ठोके एकमेकांत मिसळून एक जाड, अखंड गुरगुर होते आणि तिच्यावर टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, एक बारीक शीळ चढत जाते. मामा म्हणायचे, खालचा आवाज पोटातला आणि वरचा छातीतला. मला कळायचं नाही, पण मी झोपल्या झोपल्या दोन्ही आवाज वेगळे काढायचा प्रयत्न करायचो आणि खरंच ते निघायचे.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, कमरेला लाल-हिरवी झेंडी. रोज आपल्या हद्दीत रुळाच्या कडेने चालत जायचं आणि परत यायचं. रूळ पकडून ठेवणारी चावी सैल झाली तर ठोकायची, जोडावरचा बोल्ट आवळायचा, कुठे रूळ तडकलाय का ते बघायचं. उन्हाने काळवंडलेला, कमी बोलणारा माणूस. पण गाडी चढायला लागली की मामांचं अंग बदलायचं. भाकरीचा घास हातात असला तर हात तसाच ताटावर थांबायचा. मान एका बाजूला कलायची. "भरलेली हाय," एवढंच म्हणायचे. थोड्या वेळाने, "दोन इंजनं हायती." आणि हवेत ओल असली तर, "आज रूळ ओला हाय. बग, घसरतंय." आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मग खरंच त्या गुरगुरीत मध्येच एक झटका यायचा, आवाज सुटा होऊन वर उडायचा आणि परत दाबला जायचा. चाकं जागच्या जागी फिरल्याचा तो आवाज. आत्या भाकरी थापता थापता थांबायची. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग वाठारच्या बाजूला कुठेतरी ती जाड गुरगुर एकदम हलकी व्हायची, ठोके पुन्हा सुटे ऐकू यायचे. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची पायरी, खाली घेतलेला असायचा.

"चढली," मामा म्हणायचे. मग घास तोंडात जायचा.

रात्री तेच. अंथरुणावर पडलेले सगळे जागे, आणि अंधारात मामांचा आवाज, "चढली." त्यानंतर घर झोपायचं.

मी पुढे शिक्षक झालो. विज्ञान आणि गणित शिकवतो. घर्षण हा धडा आला की मी पुस्तक बाजूला ठेवतो आणि फळ्यावर आदर्कीचा घाट काढतो. चाळीसेक वॅगनची भरलेली मालगाडी घ्या. एक वॅगन मालासकट ८० टनांच्या आसपास, म्हणजे गाडी झाली ३,२०० टनांची. हिशोबाला सोपा म्हणून चढ शंभराला एक धरा. शंभर मीटर पुढे गेल्यावर गाडी फक्त एक मीटर वर जाते. सायकलवरून जाताना तुम्हाला हा चढ जाणवणारही नाही. पण ३,२०० टनांचा शंभरावा भाग म्हणजे ३२ टन. एवढ्या वजनाची ओढ ती गाडी सतत मागे घेत असते. त्यात चाकांचा आणि वळणांचा विरोध मिळवा. आता इंजिन बघा. त्या काळातलं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन ११३ टनांचं होतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ती जागा जेमतेम एका नाण्याएवढी. सहा आसांची बारा चाकं, म्हणजे बारा नाणी. तेवढ्या आधारावर ते इंजिन जास्तीत जास्त ३० टनांच्या आसपास ओढ लावू शकायचं. त्याहून जास्त ताकद दिली तर चाक पुढे जात नाही, जागीच फिरतं. मुलं वहीत बेरीज करतात आणि कुणीतरी म्हणतं, "सर, मग चढणारच नाही." म्हणून दोन इंजिनं, असं मी सांगतो. आणि रूळ ओला असला की ३० टनांचेही ३० राहत नाहीत.

ही इंजिनं मूळची अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. पहिली १९६२ साली तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. अल्को कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. वाराणसीत मात्र त्याच घराण्याची इंजिनं त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिली. मायदेशी कुळ संपलं आणि लेक सासरी नांदत राहिली, असं काहीसं. पुढे १९९५ च्या सुमाराला त्यातूनच खास मालगाड्यांसाठीचं डब्ल्यूडीजी-३ए निघालं, ३,१०० अश्वशक्तीचं, थोडं जड आणि घसरायला थोडं कमी. आमच्या लाइनवर पुण्याच्या शेडची ही इंजिनं भरपूर असायची. मला त्यांतली एक गोष्ट फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर कळली. या इंजिनातलं डिझेल थेट चाक फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं, त्यातून वीज निघते आणि आसांवर बसवलेल्या मोटरी त्या विजेवर चालतात. त्यामुळे इंजिनाच्या फिरण्याचा आणि चाकाच्या फिरण्याचा ताळमेळ नसतो. उभं असताना मिनिटाला ४०० फेरे, आठव्या नॉचवर १,००० फेरे, मग गाडी ताशी साठने पळो नाहीतर माणसाच्या चालीने सरको. लहानपणी मला जे कोडं पडायचं ते हेच. एवढा आकांत करतंय आणि पुढे मात्र मुंगीसारखं सरकतंय, हे कसं? माझ्या हाताला धरून चालणाऱ्या धाकट्या बहिणीने एकदा रुळाकडेच्या पायवाटेवरून चालता चालता मालगाडीचे डबे मागे टाकले होते. इंजिन पुढे वळणावर गर्जत होतं आणि आम्ही दोघं त्याच्या शेपटीच्या पुढे चाललो होतो.

एवढं सावकाश जाण्यातही धोका असायचा. कमी वेगात जास्त ओढ लावायची म्हणजे मोटरीतून प्रचंड करंट जायचा आणि त्या तापायच्या. ड्रायव्हरचा एक डोळा करंट दाखवणाऱ्या ॲमीटरच्या काट्यावर आणि दुसरा पुढच्या वळणावर. काटा लाल पट्ट्यात फार वेळ राहिला तर मोटर जळणार. नॉच कमी केला तर गाडी थांबणार. थांबली की चढावर पुन्हा उठवणं सगळ्यात कठीण. या तिढ्यात ते दोन माणसांचं जग वाठारपर्यंत वर सरकत राहायचं. ते मामांना खाली, ताटावर बसून ऐकू येत असायचं.

एकदा गाडी थांबली.

मी नऊ वर्षांचा असेन. जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायला आठच दिवस राहिलेले. मृगाचा पहिला पाऊस नुसता भुरभुरला होता. मोठा पाऊस परवडतो, तो रूळ धुऊन काढतो. भुरभुर पाऊस वाईट, रुळावरची धूळ, गंज, तेलाचे ओघळ यांचं त्यात नुसतं काजळ होतं. रात्री जेवणं झाली होती. आवाज नेहमीसारखा वर येत होता. घराच्या थोडं पुढे गेला आणि फाटला. चाकं फिरली, पुन्हा धरली, पुन्हा फिरली. मग सगळं उतरत उतरत आलं आणि राहिली फक्त ती धुग... धुगधुग. एवढ्या मोठ्या आवाजानंतरची ती शांतता मला अजून आठवते. भांडीसुद्धा गप्प झाली. मामांनी कंदील घेतला आणि आत्याने, कुणी न सांगता, पडवीतल्या पोत्याखालून पत्र्याचे दोन डबे ओढून काढले.

त्या डब्यांत वाळू होती. इंजिनाला स्वतःची वाळूपेटी असते. चाकाच्या पुढे रुळावर वाळू सोडायची नळीही असते, पण दमट हवेत ती वाळू गोळा धरते आणि नळी तुंबते. म्हणून आत्या दर मे महिन्यात ओढ्याची वाळू आणायची, अंगणात पापडांच्या शेजारी उन्हात वाळत घालायची, पिठाच्या जुन्या चाळणीने चाळायची आणि डबे भरून झाकणं गच्च लावून ठेवायची. हे काही तिचं काम नव्हतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं, त्याचा पगार मिळत नव्हता. मामांनी एकदा सहज म्हटलं असेल की कोरडी वाळू हाताशी असली तर बरं पडतं, एवढंच. मी हट्टाने मागे लागलो, म्हणून मला बांधावर, रुळापासून लांब, उभं केलं गेलं. तिथून दिसलं ते असं. इंजिनाच्या दिव्याचा झोत, त्यात तिरका उडणारा पाऊस, आणि झोतात वाकलेली चार-पाच माणसं. गँगमधले लोक आले होते, असिस्टंट ड्रायव्हर खाली उतरला होता. शेतात बी पेरावं तशी मुठीमुठीने ती रुळावर वाळू टाकत वर चालली होती. दोन्ही रुळांवर, एकही वीत न सोडता. मग सगळे बाजूला झाले. शिट्टी झाली. गुरगुर वर चढायला लागली, धुराचा एक काळा लोट दिव्याच्या झोतात उसळला, आणि इंजिनापासून शेपटापर्यंत कपलिंग एकामागून एक ताणल्याचा आवाज गेला. खण, खण, खण, अंधारात लांब लांब. शेवटचा खण झाला आणि गाडी हलली. वाळू चिरडल्याचा करकर आवाज मला बांधावर ऐकू आला. आम्ही परत आलो तेव्हा आत्या दारात उभी होती. मामांनी कंदील खाली ठेवला आणि तिच्याकडे बघून तोच शब्द उच्चारला. तिने रिकामे डबे हातातून घेतले आणि आत गेली. मी लहान होतो, पण तिच्या पाठीवरूनसुद्धा मला कळलं की तिला आनंद झालाय.

हे लिहिताना मला त्या इंजिनांची आरती ओवाळायची नाही. त्यांचा धूर मी खाल्लाय. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल आधी पोचायचं आणि टर्बोची हवा मागून यायची, तेवढ्या वेळात जो काळा लोट निघायचा तो थेट आत्याच्या अंगणात उतरायचा. वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळीचे ठिपके पडायचे. धुतलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत पांढरं राहायचं नाही. आजीला दम्याचा त्रास होता, ती घाटातल्या गाडीच्या वेळी तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत बसायची. उन्हाळ्यात इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हर कसे बसत असतील याची कल्पना करवत नाही. त्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं निवृत्त झाल्यावर घरात ओरडून बोलतात, ती मी पाहिली आहेत. डिझेल किती जळायचं याचा हिशोब तर सोडाच. हे सगळं गेलं ते चांगलंच झालं, असं मी वर्गात सांगतो आणि मनापासून सांगतो.

आता आमच्या लाइनवर विजेचे खांब उभे राहिलेत, दुसरा रूळ पडलाय. नवी इंजिनं ६,००० अश्वशक्तीची आहेत. त्यातलं डब्ल्यूएजी-९ पहिल्यांदा समोरून गेलं तेव्हा मी बांधावरच उभा होतो. मागे तेवढेच डबे, तसाच माल. इंजिनातून पंख्याचा घुं असा एकसुरी आवाज येत होता, पिठाची गिरणी दुसऱ्या गल्लीत चालू असावी तेवढाच, आणि गाडी न कण्हता वर गेली. या इंजिनाची एक गोष्ट मला फार आवडते. जुनं डिझेल उतारावर ब्रेक लावायचं तेव्हा मोटरीच उलट जनरेटर व्हायच्या, पण तयार झालेली वीज छपरावरच्या जाळ्यांत तापून हवेत जायची. नवं इंजिन ती वीज वरच्या तारेत परत सोडतं. म्हणजे वाठारहून लोणंदला उतरणारी गाडी त्याच तारेवर चढणाऱ्या गाडीला थोडा हात देऊ शकते. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. माझेही चमकतात. माणसाने यंत्राला शिकवलेली ही फार देखणी गोष्ट आहे.

तरीही बांधावरून परत येताना मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं आणि ते नुसतं लहानपण नव्हतं, एवढं मला नक्की ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यात, आमच्या आजोळी, उसाच्या बैलगाड्या कारखान्याला जाताना बघितल्यात. ओढ्याच्या उतारावरून गाडी खाली येते ती ठीक, पण पलीकडच्या चढाला बैल गुडघ्यांवर येतात. गाडीवान हैक हैक करत खाली उडी मारतो. आणि मग रस्त्याने जाणारी कुणीही माणसं, ज्यांचा त्या उसाशी संबंध नाही, हातातली पिशवी खाली ठेवून चाकाला खांदा लावतात. त्यांना कुणी बोलवत नाही. बैलांच्या नाकपुड्या दिसतात, आरे वाकलेले दिसतात, म्हणून खांदा आपोआप पुढे जातो. ट्रॅक्टर आला तेव्हा कुणी खांदा लावत नाही, त्याची गरजही नाही. ट्रॅक्टरला मी नावं ठेवत नाही, बैलाचा वळ उठलेला खांदा ज्याने बघितलाय तो ठेवणार नाही. पण मेहनत जोवर ऐकू येत होती तोवर ती एकट्या इंजिनाची नव्हती. घाटातल्या एका घरात भाकरी थांबत होती, श्वास थांबत होता, वाळू चाळली जात होती. आदर्कीच्या चढावरून कुणासाठी खत गेलं, कुणासाठी सिमेंट गेलं, मिरजेकडे तेलाच्या टाक्या गेल्या. ते सगळं वर नेण्यात आपला हात आहे असं आत्याला वाटत होतं, आणि होताच तो.

मामा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. म्हणजे लाइनवर विजेचं इंजिन आलेलं त्यांनी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात मुद्दाम पुन्हा गेलो. फाट्यावर उतरलो, आत्या दारातच गहू निवडत बसली होती. संध्याकाळी चहाच्या वेळी पेले मीच काढले, चिंध्यांची घडी न मोडता एका बाजूला रचून ठेवल्या आणि सरळ विचारलं, "आत्या, मागच्या वेळी मी बोललो त्याचा राग आला होता का तुला?"

"कसला रं?"

"ह्या चिंध्या. कशाला लावतेस म्हणालो होतो."

ती हसली. "अरं, पेलं एकात एक गच्च बसत्यात. मग निघत न्हाईत. मागं एकदा सुनंनं बिनचिंधीचं ठेवलं, तर गरम पाणी वतून काढाय लागलं." आणि गहू पाखडायला लागली. मी दोन महिने मनात बांधलेलं सगळं त्या सुपात पाखडलं गेलं. मला बरं वाटलं आणि थोडं ओकंबोकंही वाटलं. चहा पिताना तिने भावकीतल्या लग्नाची, विहिरीच्या मोटरीची, माझ्या वाढलेल्या रक्तदाबाची चौकशी केली. गाडीचा विषय निघाला नाही. त्या वेळात लाइनवरून दोन गाड्या गेल्या असतील, मी लक्ष दिलं नाही, तिने दिलेलं दिसलं नाही.

रात्री तिथेच राहिलो. मी बाहेरच्या खोलीत, ती आत, मधलं दार उघडं. थंडी होती, कुत्री भुंकून भुंकून दमली होती. कधीतरी डोळा लागला असेल. जाग आली तेव्हा खालून, सालप्याच्या बाजूने, काहीतरी येत होतं. भांडी गप्पच होती. नुसता लांबवर पसरलेला सरसर आवाज, पावसाची सर शेतावरून चालत यावी तसा, आणि त्यात तो घुं. किती जवळ आलीय, किती लांब आहे, काही कळेना. डबे किती, ताण किती, कळेना. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर. मी कान देऊन पडून राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की आतल्या खोलीतही कुणीतरी तसंच पडून राहिलंय. बांगड्यांचा आवाज होत नव्हता, कूस बदलली जात नव्हती. झोपलेलं माणूस इतकं शांत नसतं. सरसर आली, घराच्या बाजूने गेली, विरायला लागली. आता कुठेतरी वाठारच्या अलीकडे ती सुटायला हवी होती, पण सुटण्यासारखं त्या आवाजात काही नव्हतंच.

"चढली का रं?" अंधारातून आत्याने विचारलं.

मला ऐकून सांगता येईना. मी उठलो, कडी काढली, अनवाणीच अंगणात गेलो. माती गार होती. वरच्या वळणावर, डोंगराच्या काळ्या कडेला, शेवटच्या डब्याचा लाल दिवा लुकलुकत चालला होता. तो कडेपलीकडे जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग आत आलो, दार लोटलं, आणि म्हणालो, "चढली."

आत बांगड्या वाजल्या. तिने कूस बदलली होती.